सभासदाचे अज्ञान

एखादी सहकारी संस्था बुडाली, म्हणजे आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो हा, की दोषी संचालक कोण? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याच्या पाठीशी दुसरा एक प्रश्न उभा असतो व तो सहसा कोणी विचारीत नाही. ज्यांची ती संस्था, त्या सभासदांस तिचा कारभार समजत होता काय? आणि समजत नसेल, तर त्या अज्ञानाचा दोष कोणाच्या माथी? न विचारणाऱ्या सभासदाच्या, की न सांगणाऱ्या संस्थेच्या? आम्हांस हा प्रश्न हिशेबाचा नव्हे, तर नीतीचा वाटतो. आणि ज्या वसई-विरारच्या भागात सहकाराची मुळे शंभर वर्षांहून जुनी आहेत, तेथे त्याचा विचार होणे विशेष अगत्याचे आहे.

आपल्या देशात सहकारास कायद्याचे रूप १९०४ साली आले. दहा माणसांनी एकत्र यावे व पतसंस्था काढावी, अशी ती योजना होती. आणि तत्कालीन मुंबई इलाख्यात गदगजवळील कणगिनहाळ या गावी १९०५ मध्ये अशी संस्था निघालीही. या ग्रामीण संस्थांतील सभासदांची जबाबदारी सामान्यतः अमर्याद असे. शेजाऱ्याचे कर्ज थकले, तर आपल्या घरादारावर टाच येण्याचा संभव असे. आज ही अट कठोर वाटेल. पण तिच्या पोटी एक शहाणपण होते. ज्याच्या कर्जाचा भार आपल्या शिरी, त्याने ते बैलासाठी काढले की लग्नातील थाटासाठी, याची चौकशी प्रत्येकास करावीच लागे. पुढे मर्यादित जबाबदारीचा प्रघात पडला, जोखीम भागाच्या रकमेपुरती उरली, आणि जोखमीबरोबर चौकशीही आटली. जामिनकी मात्र राहिली. आजही शेजाऱ्याच्या कर्जास जामीन राहणारा गृहस्थ साऱ्या कर्जाचा बोजा एका सहीने पत्करतो, आणि पुष्कळदा कागद न वाचताच पत्करतो. अशा सहीस कायदा संमती म्हणेल. नीतीस तसे म्हणता येईल काय?

सहकाराच्या आद्य पुरस्कर्त्यांनी या शंकेचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. इंग्लंडातील रॉचडेल गावी १८४४ साली २८ जणांनी पीठ, लोणी, साखर यांचे एक लहानसे दुकान थाटले. त्यांत बरेचसे विणकर होते व पोटास चिमटा घेऊन त्यांनी भांडवल जमविले होते. तरीही १८५४ मध्ये त्यांनी नफ्याचा शेकडा अडीच भाग शिक्षणासाठी काढून ठेवण्याचा नियम केला. मालकाजवळ लुटता येण्याजोगे काही आहे आणि ते राखण्याची अक्कल मात्र नाही, तर ती मालकी फार दिवस टिकत नाही, हे त्या गरीब माणसांनी ओळखले होते. आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने १९९५ साली सहकाराची तत्त्वे नव्याने मांडली, तेव्हाही त्यांत शिक्षणास स्वतंत्र स्थान दिले.

आता आपल्या वसईकडे वळू. १८६७ साली विरारपर्यंत मुंबईची लोकल गाडी धावू लागली आणि येथील वाड्यांतील केळी, विड्याची पाने, भाजी व फुले मुंबईच्या बाजाराशी जोडली गेली. माल पिकवी एक, भाव ठरवी दुसरा, आणि अडीअडचणीस उचल देई तिसरा. अशा तिठ्यावर बागाईतदार उभा होता. १९१८ साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस या धर्मगुरूंच्या पुढाकाराने येथे एक पतसंस्था निघाली. तीच आजची बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक. योगायोग असा, की सहकाराच्या शिक्षणासाठी व प्रसारासाठी मुंबईत जी मध्यवर्ती संस्था निघाली, व जिला आज आपण महाराष्ट्र राज्य सहकारी संघ म्हणून ओळखतो, तिचाही जन्म १९१८ चाच. पतपेढी व पाठशाळा ही जणू एकाच वर्षी जन्मलेली दोन भावंडे. त्यांतील पहिले धष्टपुष्ट झाले. दुसऱ्याची विचारपूस घरच्यांनी तितकीशी केली नाही.

कायद्याची उणीव आहे, असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमात शिक्षणनिधीची तरतूद आहे; आणि २०१३ च्या दुरुस्तीने तर सभासद, पदाधिकारी व कर्मचारी यांस सहकाराचे शिक्षण देणे हे संस्थांचे कर्तव्यच ठरविले. पुण्यास वैकुंठभाई मेहता यांच्या नावाने चाललेली राष्ट्रीय संस्था व्यवस्थापनाचे शिक्षण देते. परंतु अधिकारी शिकला म्हणजे सभासद शिकला असे होत नाही. वर्षातून एकदा पाहुण्यांचे भाषण, हार-तुरे व अल्पोपाहार झाला, की शिक्षण उरकले, अशी समजूत असेल तर तिचा उपयोग केवळ अहवालाची पाने भरण्यास होईल.

खरे शिक्षण कसे असावे, याचे एक लहानसे उदाहरण घेऊ. गजरे विकणाऱ्या एखाद्या बाईने १२,००० रुपये कर्ज वर्षभरासाठी शेकडा १२ दराने काढले व दरमहा १,००० रुपये मुद्दल फेडले, असे समजा. व्याज मूळ रकमेवर वर्षभर सारखेच धरले, तर ते १,४४० रुपये होते. दरमहा उरलेल्या मुद्दलावर धरले, तर ७८० रुपये. दर तोच, मुदत तीच, आणि फरक ६६० रुपयांचा! हा फरक तिला सही करण्यापूर्वी, तिच्याच वाडवळी किंवा कादोडी बोलीत, बोटांवर मोजून दाखविणे, हे सहकारी शिक्षण होय. त्यास मोठी इमारत लागत नाही. अर्धा तास, एक पाटी आणि सांगणाऱ्याची प्रामाणिक इच्छा एवढे पुरते.

येथे एक आक्षेप येईल, व तो हलका नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले, आणि ठेवीदारास आरंभी सहा महिन्यांत अवघे १,००० रुपये काढण्याची मुभा उरली. त्या बँकेच्या कर्जांचा सत्तर टक्क्यांहून मोठा भाग एकाच बांधकाम-उद्योगसमूहाकडे अडकला होता व तो खोट्या खात्यांआड दडविला होता, असे पुढे उघड झाले. जेथे वह्याच खोट्या, तेथे ताळेबंद वाचता येणारा सभासद तरी काय करणार? आम्ही कबूल करतो, की ज्ञान हे प्रत्येक चोरीवरचे कुलूप नव्हे. परंतु त्या वेळी ठेवीवरील विम्याचे संरक्षण केवळ १ लाख रुपयांचे होते, व ते ५ लाखांचे झाले २०२० मध्ये. आयुष्याची पुंजी एका ठिकाणी ठेवण्यापूर्वी किती सुशिक्षितांस हे ठाऊक होते? शिवाय लबाडी करणारा आपला आडाखा इतरांच्या मौनावरच बांधीत असतो. प्रश्न विचारण्याची जेथे रीत आहे, तेथे त्याला दहादा विचार करावा लागतो.

आणि सुशिक्षितांचा विषय निघालाच आहे, तर तो पुरता बोलून टाकू. २००९ साली चार नगरपालिका व आसपासची गावे मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. जेथे वाड्या होत्या त्यांतील पुष्कळ ठिकाणी आज इमारती आहेत, आणि इमारतीमागे बहुधा एक सहकारी गृहनिर्माण संस्था. म्हणजे आपण, हे मासिक वाचणारी मंडळी, बहुतेक सहकाराचे सभासद आहोत. आपल्या संस्थेची वार्षिक सभा कधी भरते, शिल्लक निधी कोठे गुंतविला आहे, लेखापरीक्षकाने कोणता दोष दाखविला, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील? अर्नाळ्याच्या ज्या कोळ्याचा डिझेल-बर्फाचा व्यवहार संस्थेमार्फत चालतो, त्याला संस्थेचा कारभार बिघडल्याचे चार दिवसांत कळते, कारण त्याची होडी किनाऱ्यास लागून राहते. आपली होडी कोठेच अडत नाही, म्हणून आपण हिशेब न वाचताच हात वर करतो, आणि खेड्यातील माणसाच्या निरक्षरतेविषयी मात्र हळहळतो.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नास आमचे उत्तर असे, की ज्याला कोणी सांगितलेच नाही त्याच्या अज्ञानाचा दोष संस्थेचा. आणि ज्याला वाचता येत असून जो वाचीत नाही, त्याच्या अज्ञानाचा दोष त्याचा स्वतःचा. पहिल्या दोषाचे निवारण संस्थेने सही घेण्यापूर्वी करावे. दुसऱ्याचे निवारण आपल्या हाती आहे, आणि ते पुढील सभेची सूचना येईल त्या दिवशी सुरू करता येईल. त्या सूचनेबरोबरचा ताळेबंद घरातील मोठ्या मुलामुलींसमवेत बसून वाचावा. जे कळणार नाही त्यावर खूण करावी. आणि सभेत उठून ते विचारावे. उत्तर देणाऱ्यास थोडा त्रास होईल. तो त्याने सोसावा, कारण त्याच कामासाठी आपण त्याला निवडून दिलेले असते.