रिकामी कबर आणि जिवंत मंडळी

वाचकहो, केरळातील फोर्ट कोची येथील संत फ्रान्सिस मंदिर पाहावयास देशविदेशांतून लोक येतात. आपणही कदाचित तेथे गेला असाल. आत शिरताच बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : "वास्को द गामाची कबर कोठे आहे?" मग त्यांना जमिनीतील एक शिळा दाखविण्यात येते. वास्को २४ डिसेंबर १५२४ रोजी कोचीत मरण पावला व येथे पुरला गेला, हे खरे. परंतु चौदा-पंधरा वर्षांनी त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेण्यात आल्या. ज्या कबरेसाठी लोक इतके दूर येतात, तिच्यात कोणीही नाही.

रिकाम्या कबरेचे ख्रिस्ती माणसाला नवल वाटू नये; आपल्या विश्वासाचा आरंभच तशा एका कबरेपाशी झाला. पण त्या पहाटे आलेल्या स्त्रिया तेथे रेंगाळल्या नाहीत. जो जिवंत आहे त्याची वार्ता घेऊन त्या धावत गेल्या. आपल्या ऐतिहासिक मंदिरांतून परतणारा पाहुणा कोणती वार्ता घेऊन जातो?

नव्या करारातील 'एक्लेसिया' हा ग्रीक शब्द कोठेही इमारतीसाठी आलेला नाही. तो बोलावून एकत्र आणलेल्या माणसांसाठी आहे. इंग्रजीतील 'चर्च' हा शब्द माणसे आणि भिंती या दोहोंनाही लागू पडतो. आपल्या मराठी शास्त्रात मात्र 'मंडळी' हा शब्द आहे, आणि मंडळीला दगड-चुना लागत नाही. हा भेद आपल्या भाषेने जपला. आपण तो आचरणात जपतो काय?

या वास्तूचा इतिहास पाहा. १५०३ मध्ये पोर्तुगीजांनी येथे लाकडी मंदिर बांधले. फ्रान्सिस्कन संन्याशांनी त्या जागी उभारलेले पक्के मंदिर १५१६ मध्ये पूर्ण झाले. १६६३ मध्ये कोची डचांनी जिंकले, १७९५ मध्ये इंग्रजांनी. पुढे ते अँग्लिकनांकडे आणि १९४७ मध्ये चर्च ऑफ साउथ इंडियाकडे आले. १८८६ मध्ये जमिनीतील थडग्यांच्या शिळा काढून भिंतींत बसविण्यात आल्या : उत्तरेस पोर्तुगीजांच्या, दक्षिणेस डचांच्या. ज्यांची सत्ता होती, त्यांची नावे अशी दगडावर राहिली.

आता वर पाहा. बाकांच्या वर कापडी पंखे टांगलेले आहेत आणि त्यांच्या दोऱ्या भिंतीपलीकडे जातात. पाहुणे त्या युक्तीचे कौतुक करतात. पण त्या दोरीचे दुसरे टोक कोणाच्या हाती होते? आत शेजाऱ्यावरील प्रीतीचा उपदेश चालला असता बाहेर उकाड्यात बसून कोणी तरी दोरी ओढीत होता. त्याच्या नावाची शिळा कोणत्याही भिंतीत नाही. तो त्या उपासनेत होता, की तिच्या बाहेर? त्याच्या श्रमाने आतल्यांना वारा मिळाला. आतल्यांकडून त्याला काय मिळाले?

कोणी म्हणतील, मग हे जुने अवशेष ठेवावेत कशाला? माझे मत तसे नाही. दोऱ्या राहिल्या म्हणून तर हा प्रश्न विचारता येतो. जुनी वास्तू ही साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराने सोयीची तेवढीच गोष्ट सांगू नये. पाहुणा आपल्याला विश्वासाचे देणे लागत नाही. आपण मात्र त्याला सत्याचे देणे लागतो. हे मंदिर १९२३ पासून संरक्षित स्मारक आहे. शासन भिंती राखू शकते, छप्पर दुरुस्त करू शकते. मंडळी राखण्याचे काम शासनाकडे सोपविता येत नाही.

प्रिय वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या गावी शंभर-दीडशे वर्षांची मंदिरे आहेत. त्यांची घंटा, संगमरवरी पाटी, रंगीत काचा आपण अभिमानाने दाखवितो. जरूर दाखवाव्यात. परंतु पुढच्या रविवारी कोणी अनोळखी मनुष्य दाराशी येऊन घुटमळला, तर त्याला आधी पाटी दाखवाल, की आपल्या शेजारी बाकावर जागा कराल? आणि पहाटे येऊन मंदिर झाडणारा, उपासना चालू असता फाटकापाशी राखण करणारा, आज आपल्या पंख्याची दोरी ज्याच्या हाती आहे असा तो मनुष्य, त्याचे नाव आपणांस ठाऊक आहे काय? पाहुण्याने विचारले, तर सांगता आले पाहिजे.