हाड बदलले, माणूस कधी?

देवाने दिलेला चेहरा बदलावा का, हा प्रश्न जबड्याच्या शस्त्रक्रियेचे नाव निघाले की आमच्याकडे आधी विचारला जातो. ज्याला दातांनी घास तोडता येत नाही, त्याच्यापुढे तो फारसा टिकत नाही. व्यंग सुधारणे आणि हौसेखातर चेहरा बदलणे यांत उलेमाही फरक करतात. आम्हाला दुसराच प्रश्न अवघड वाटतो : हाड बदलले, पण माणूस बरा झाला असे कधी म्हणायचे, आणि ते ठरवायचे कोणी?

ह्यूगो ओब्वेगेसर यांनी 1950 च्या दशकात रूढ केलेल्या पद्धतीत खालच्या जबड्याचे हाड तोंडाच्या आतूनच, दोन्ही बाजूंनी दोन पदरांत चिरून पुढेमागे सरकवतात आणि बसवतात. आता त्यासाठी टिटॅनियमच्या पट्ट्या वापरतात. काम काही तासांचे. सहा-आठ आठवड्यांत हाड बऱ्यापैकी सांधते. स्नायूंना मात्र कोणी विचारलेले नसते. गालातले आणि कानशिलावरचे चावण्याचे स्नायू वर्षानुवर्षे वाकड्या हाडाशी जुळवून घेत आलेले. त्या जुळवणुकीवरच तर पोट भरले. शस्त्रक्रियेनंतर चावण्याचा जोर आधीपेक्षाही घटतो आणि परतायला कित्येक महिने घेतो. जबडा फार पुढे आणला तर हनुवटीखालचे ताणलेले स्नायू त्याला मागे ओढतात. डॉक्टर याला रिलॅप्स म्हणतात. आम्हाला त्यात बंड दिसत नाही, जुनी इमानदारी दिसते. ताणलेला स्नायू तंतूंत नवे दुवे जोडत लांब होतो, पण आपल्याच गतीने.

कर्जतहून लोकलने सीएसएमटीला उतरले की मुंबईचे शासकीय दंत महाविद्यालय पायी गाठता येते. अवघड काळ परतल्यावरचा. सुरुवातीचे आठवडे पेज आणि डाळीचे पाणी. तांदळाची भाकरी लांबच. मग रोज आरशासमोर तोंड उघडण्याचा व्यायाम. दोन महिने उलटले की पाहुणे म्हणतात, "चेहरा तर छान झाला, मग अजून मऊ भातच का?" मुलगी असेल तर स्थळांची बोलणीही निघतात. पाहणाऱ्यांसाठी ती बरी झालेली असते, खाणाऱ्यासाठी नाही.

पैसे उभे करणाऱ्या वडिलांना फळ दिसावेसे वाटते, हे खरेच. पण तो हक्क मुलीच्या स्नायूंवर चालत नाही. लाजेने पाहुण्यांत जेवणच टाळणारी मुलगी आम्ही पाहिली आहे. एका घरात मात्र बोळक्या तोंडाच्या दादीने आपले ताट नातीच्या शेजारी मांडून घेतले. दोघींची खिचडी एकाच पातेल्यातली, आणि "अजून किती दिवस?" असे त्या घरात कोणी विचारीत नव्हते.