न उघडलेली थडगी

भिलाईहून बालोदमार्गे करकाभाटला गेले, की दगडमातीचे ढिगारे आणि उभ्या शिळा दिसू लागतात. ही महापाषाणकालीन दफने होत. १९९०-९१ साली येथे उत्खनन झाले, लोखंडी शस्त्रे मिळाली. आमच्यासारख्या नागपूरकडून आलेल्यांना जुनापाणी, माहुरझरीची शिळावर्तुळे आठवल्यावाचून राहत नाहीत.

आता ढिगाऱ्याला हात न लावताही आत डोकावता येते. जमिनीत वीजप्रवाह सोडून तिचा रोध मोजतात. दगड प्रवाह अडवतो, खड्ड्यातली ओलसर माती त्याला वाट देते. चुंबकत्वमापकाला पुरलेले लोखंड, भाजलेली माती जाणवते. उत्खनन मात्र जे वाचते ते वाचता वाचताच नष्ट करते.

मग नैतिक प्रश्न मिटला काय? मला तसे वाटत नाही. कुदळ बाजूला ठेवल्याने कुतूहल सोवळे होत नाही. मृताची अनुमती तेव्हाही नव्हती, आताही नाही. शिवाय यंत्र खड्ड्याचा आकार सांगेल, पण आत वृद्ध आहे की बालक, हे सांगणार नाही. त्याला ओळख द्यायची तर त्याची निद्रा मोडावी लागते. म्हणून मी थोडी थडगी उघडण्याच्या बाजूचा आहे. परंतु आधी सर्वांची मोजणी व्हावी आणि बहुतेक तशीच राहू द्यावीत.

आम्ही भिलाईकर लोखंडावरच जगतो. पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. चुंबकत्वमापकाला बाधते तेही आजचेच लोखंड: कुंपणाची तार, नांगराचा तुटका फाळ. मोजणीपूर्वी ते वेचून दूर टाकावे लागते.