ठेवलेली बाई आणि ठेवणारा

१७२७ साली निजामाशी लढताना बाजीराव पेशव्याची फौज आपल्या जालना परगण्यात घुसली अन् तिने मुलूख लुटला. इतिहासवाले याला पराक्रम म्हणतात. पुढे दोनतीन वर्षांत बुंदेलखंडातून मस्तानी पुण्याला आली. तिच्यावर बाजीरावाने जीव लावला. याला ते डाग म्हणतात. मी विचारतो, ही कुठली नीती? रयत नागवली तरी पाप नाही, माणसाला माणूस आवडलं की पाप!

अन् डागसुद्धा बाईलाच. घरच्यांनी कोंडलं ते मस्तानीला. २८ एप्रिल १७४० ला बाजीराव रावेरखेडीला मेला. पाठोपाठ तीही गेली. पाबळला तिची कबर आहे. मुलगा समशेरबहाद्दर. बापाच्या मनात त्याची मुंज करायची होती, ब्रह्मवृंदाने नाही म्हटलं, असं सांगतात. तोच पोरगा १७६१ ला पानिपतात पेशव्यांसाठी लढून जखमी झाला अन् मेला. जानवं घालायला रक्त अशुद्ध, सांडायला शुद्ध!

हे पुण्यापुरतं नाही. फ्रान्सचा राजा सातवा चार्ल्स. त्याची आन्येस सोरेल १४५० ला मेली. लोश गावच्या चर्चला तिने भरपूर दान दिलं होतं. चार्ल्स गेल्यावर तिथले पाद्री म्हणाले, हिचं थडगं इथून हलवा. नवा राजा म्हणाला, हलवा, पण दानही परत करा. पाद्री गप्प बसले, अशी कथा आहे. दान चालतं, बाई चालत नाही.

बाबासाहेबांनी १९१६ सालीच मांडलं की जातीचा कणा म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. म्हणून सगळं कुंपण बाईभोवती. ते पुरुष ओलांडतो, तेव्हा नवं नाव बाईला मिळतं. रखेल. नाटकशाळा. ठेवलेली. ‘ठेवणारा’ ही शिवी कुणी ऐकलीय?

म्हणून मस्तानीला देवीही करू नका. पाबळ तिला इनाम होतं. तिथे राबणाऱ्या बायांची नावं कुणी लिहून ठेवली? पेशवाईत कुणबिणी पैसे मोजून विकल्या जात. त्यांची कबर कुठे शोधायची? लग्न लागलं होतं का, हा प्रश्न भटजीचा. आपला प्रश्न वेगळा : तिला ‘नाही’ म्हणता येत होतं का? येत नसेल, तर गळ्यात मंगळसूत्र असूनही बाई ठेवलेलीच.

उद्या वस्तीत कुणी एखादीला ‘ठेवलेली’ म्हणालं, तर तिथल्या तिथे विचारा : ठेवणाऱ्याचं नाव काय?