रोजच्या वाटेचा जोडा

नवा जोडा घ्यायचं मनात आहे. साधा, रोजचा, कुठल्याही कपड्यांवर चालेल असा स्नीकर. दुकानात जाण्याआधी थोडा वेळ घरीच बसा. पायांत काही घालू नका. तळवे फरशीवर टेकवा आणि तिचा गारवा जाणवू द्या.

श्वास संथ चालू दे. लक्ष हळूहळू पायांकडे उतरू दे. एकेका पायात 26 हाडं आहेत. दिवसभर तुमचा भार तीच पेलतात. बोटं सैल सोडा, पसरू द्या. आपल्यातल्या अनेकांचं बालपण अनवाणी किंवा चपलेत गेलं, आणि तशा पायांचा चवडा बहुधा रुंद असतो. तुमचा तसा आहे का? करंगळीजवळ जुन्या बुटाचा घट्टा आहे का? हात लावून पाहा. निवड इथूनच सुरू होते.

आता मनानेच जिना उतरा आणि शनिवार पेठेतली आपली नेहमीची वाट चाला. रमणबागेपाशी शाळा सुटली आहे, मुलांच्या आणि सायकलींच्या मधून पाऊल टाकायचं आहे. अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानांसमोर गर्दी आहे. एक पाय फुटपाथवर, एक रस्त्यावर. एखादा पेव्हर ब्लॉक हलतो. नदीकडे वळलात तर 1738 साली बांधून झालेलं ओंकारेश्वराचं देऊळ. तिथे जोडे काढायचे. घरी परतलात की दारात पुन्हा काढायचे. दिवसातून किती वेळा वाकून नाडी सोडता, ते आठवा. पावसाळाही आठवा. खडकवासल्यातून पाणी सोडलं की मुठा फुगते, भिडे पूल पाण्याखाली जातो, पेठेतल्या गल्ल्या ओल्या राहतात. तेव्हाही याच जोड्याने चालायचं आहे ना?

इथे थोडं थांबा. सहज निघेल, ओल्या फरशीवर घसरणार नाही, लवकर वाळेल: एवढं तर वाटेनेच सांगितलं.

आता जोडा डोळ्यांसमोर येऊ द्या. बहुधा तो पांढरा असेल. या पांढऱ्याशी आपली ओळख जुनी आहे. बाटाने 1936 साली भारतातल्या शाळकरी मुलांसाठी कवायतीचा कॅनव्हासचा बूट काढला. पुढे कितीतरी पिढ्या शनिवारच्या सकाळच्या शाळेला असेच पांढरे बूट घालून गेल्या. आदल्या दिवशी धुवायचे, वाळले की खडू फासायचा, सकाळी रांगेत उभं राहायचं. त्या रांगेत सगळ्यांचे पाय सारखे दिसत, म्हणून कुणाचंच लक्ष पायांकडे नसे. ते कवायतीवर असे. साधेपणाने दिलेली ही मोठी मोकळीक होती.

आज साधेपणाही मिरवता येतो. म्हणून स्वतःला विचारा: हा जोडा कुणीच पाहणार नसेल, तरीही मी हाच घेईन का? उत्तराची घाई नको. छान दिसावंसं वाटण्यात गैर काही नाही. ती ओढ किती आणि गरज किती, एवढंच शांतपणे पाहायचं आहे. पांढरा खरंच आवडत असेल तर तो पुसत राहण्याची तयारी आहे का, हेही पाहा. नसेल तर करडा किंवा मातकट रंग चिखलाशी जास्त जमवून घेतो.

मग एखाद्या संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यावर जा, कारण दिवसभराच्या चालण्याने पाय किंचित फुगलेले असतात. रोजचे मोजे बरोबर न्या. दोन्ही बूट घाला आणि उभे राहा. एक पाय बहुधा जरासा मोठा असतो. माप त्याचं धरा. पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा राहू द्या. एका नंबराचा फरक सुमारे साडेआठ मिलिमीटरचा असतो. वापरून बुटाचं कापड सैलावेल, पण लांबी वाढणार नाही. जोडा हातात घेऊन वाकवा. तो चवड्यापाशी वाकावा, मधोमध दुमडू नये. तळ शिवलेला आहे की नुसता चिकटवलेला, ते विचारा. कडेचे टाके कधी शोभेचेही असतात. उद्या तळ उसवला तर कोपऱ्यावरच्या गटई कामगाराला तो पुन्हा शिवता येईल का, हा प्रश्न किमतीइतकाच महत्त्वाचा आहे.

दुकानात चार पावलं चाला आणि पुन्हा एक श्वास घ्या. पाय काय म्हणतात? काही टोचत असेल तर ‘वापरून सैल होईल’ या आश्वासनावर घेऊ नका. आणि घरचा जुना जोडा दोन टाक्यांवर आणखी वर्षभर चालेल असं लक्षात आलं, तर रिकाम्या हाताने परत या. तीही पूर्ण विचारांती केलेली निवड आहे.

मनापासून ‘हो’ आलं तर घ्या, आणि मग बुटांचा विषय संपवा. दुसऱ्यांच्या पायांकडे पाहून आपली निवड पुन्हा तोलू नका. पुरेसं काय, हे एकदा नीट ठरवलं की तिथे अडकलेलं लक्ष मोकळं होतं. ते वाटेत भेटणाऱ्या माणसांना द्या.