काटकसरीचा भार

काटकसर हा सद्गुण खरा. परंतु तिचा भार कोणी वाहावा, हा प्रश्न मला व्हिएतनाममध्ये पडला. आम्ही चौघे मित्र अल्प खर्चात प्रवास करीत होतो. एकच खोली, रात्रीची बस, पदपथावरचा भात. तोवर गैरसोय आमची आम्हीच सोशीत होतो.

होई आनहून मीसोनला गेलो. चंपा राज्याच्या भद्रवर्मन् राजाने चौथ्या शतकात येथे भद्रेश्वर शिवाची स्थापना केली. १९६९ च्या अमेरिकन बाँबवर्षावात तेथील एक अप्रतिम देवालय कोसळले. २०२० मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याला जीर्णोद्धार करताना अखंड पाषाणाचे शिवलिंग सापडले. त्या लिंगापुढे आमच्या एका मित्राचा हात दक्षिणेसाठी सहज खिशाकडे गेला.

त्याच हाताने, तासाभरापूर्वी, एका वृद्ध विक्रेतीकडून पानांची टोपी घेताना दहा हजार डोंग, म्हणजे सुमारे ३५ रुपये, कमी करून घेतले होते. घासाघीस ही बाजाराची रीतच, असे तो म्हणाला, आणि (लपवीत नाही) मीही हसलो होतो. पण रीत निर्दोष ठरते ती दोघांची गरज सारखी असेल तर. ज्याला काहीच नको त्याच्यापुढे आपण उदार, आणि जिला दिवस काढायचा आहे तिच्यापुढे चोख व्यवहारी!

परतताना तिची जागा रिकामी होती. आमच्या हिशेबाच्या वहीत ते ३५ रुपये ‘बचत’ या सदराखाली मांडलेले होते.