शिपायांनीं बांधिलेला पूल

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले व आपण काय करावें, असें त्यांनीं विचारिलें (लूक ३:१४). प्रिय बंधुभगिनींनो, त्यानें त्यांस शिपाईगिरी सोडावयास सांगितलें नाहीं. कोणास नाडूं नये व आपल्या पगारांत तृप्त असावें, इतकेंच सांगितलें.

आपल्या काळीं ह्या प्रश्नाचें एक उत्तर केरळांतील वायनाडांत पाहावयास मिळालें. ३० जुलै २०२४ च्या पहाटे तेथें दरडी कोसळून घरेंच्या घरें गाडलीं गेलीं. मुंडक्कईकडे जाणारा पूल वाहून गेला, आणि पलीकडे माणसें अडकलीं. तेव्हां सैन्याच्या मद्रास इंजिनिअर ग्रुपनें भर पावसांत १९० फूट लांबीचा लोखंडी पूल १ ऑगस्टच्या सायंकाळपर्यंत उभा केला. त्या कामावरील अधिकारी मेजर सीता शेळके आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यांतील. असला ‘बेली’ पूल मूळचा दुसऱ्या महायुद्धांतला, रणगाडे नदीपार नेण्यासाठीं योजिलेला. (यशया संदेष्ट्यास हें पाहून किती आनंद झाला असता!) वायनाडांत त्यावरून माती उपसणारीं यंत्रें व रुग्णवाहिका पार झाल्या.

सैन्य अद्याप शस्त्रधारीच आहे, हें मी विसरत नाहीं. तथापि मंडळींतला एखादा तरुण सैन्यांत जाऊं म्हणतो, तेव्हां कित्येक वडील त्यास लागलेंच दूषण देतात. त्यांनीं आधीं त्यास जवळ बसवून विचारावें, ‘बाळा, तूं तेथें कोणतें काम शिकणार आहेस?’